निवळलेल्या नळ्या

१

नळ्या निवळल्या होत्या.

केशव बोबडेनं सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं, नळ्यांचा स्टँड उजेडात धरला आणि तसाच उभा राहिला. नळीतल्या पोषक रसात सोडलेले जंतू रात्रभर उबेत वाढले की रस गढूळ होतो, तांदळाच्या धुवणासारखा. आदल्या संध्याकाळी घरी जाताना तसा तो होऊही लागला होता. आता मात्र एकूण एक नळीतून पलीकडच्या खिडकीचे गज स्वच्छ दिसत होते.

"साहेब," त्यानं हाक मारली, "इकडे येता का जरा? हे तं सारे मेले."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मधुकरराव घटवाई आले. त्यांनी नळ्या पाहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या आणि जवळच्या स्टुलावर बसून घेतलं. मेलेले जंतू एका खटल्याचा एकमेव साक्षीदार होते.

सत्त्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात नागपुरात धरमपेठेतल्या एका लहानशा बाळंतपणाच्या इस्पितळात चार बायकांना सलाईन चढवलं गेलं आणि चौघींनाही हुडहुडी भरून ताप आला. तिघी गेल्या. बाटल्यांच्या तळाशी उरलेल्या पाण्यात आणि त्या तिघींच्या रक्तात एकाच जातीचा जंतू सापडला, क्लेब्सिएला नावाचा. बाटल्या गिरिधर मोहोडांच्या कारखान्यातल्या होत्या. मोहोड ठासून सांगत होते की आमची प्रत्येक बाटली वाफेच्या टाकीत शिजून बाहेर पडते, तिच्यात जंतू तगणार कसा? घाण इस्पितळाच्या हातांची. शेवटी ठरलं, की मुंबईहून तज्ज्ञ येतील, दोन्हीकडचे जिवंत जंतू स्वतः ताडून पाहतील आणि मगच आरोग्य खातं कारखान्याचा माल थांबवील. तोवर त्याच खेपेच्या बाटल्या विदर्भभर दवाखान्यांच्या कपाटांत पडून होत्या.

आणि आता ताडून पाहायला जंतूच नव्हते. बाटल्यांतलं पाणी आणि रक्ताचे नमुने तपासणीतच संपले होते.

दुपारी खात्यानं चौकशीसाठी डॉ. सुमती नखाते यांना पाठवलं. सुमतीबाईंचा जन्म जंतूंमागे गेला होता आणि निवृत्ती तोंडावर आली होती. पटकीच्या साथी, विषमज्वराच्या साथी, त्यानंतरच्या बैठका, बैठकांचे चहा, सगळं करून त्या दमल्या होत्या. गुडघा ठणकत होता. प्रयोगशाळेच्या लांबलचक टेबलाशी त्या टेकल्या, खाली हाताला लागलेला एक पुठ्ठ्याचा खोका ओढून घेतला आणि त्यावर दुखरा पाय ठेवला.

"नळ्या कुठं आहेत?"

"धुवायलेच नेऊन राहिलो होतो, बाई," केशव म्हणाला.

"काही धुवायचं नाही. आणा इकडे."

एक नळी त्यांनी खिडकीपाशी धरून हलकेच हलवली. तळाशी गाळ नव्हता. औषधानं मेलेले जंतू गाळ होऊन बसतात, त्यांची प्रेतं दिसतात. इथं प्रेतंसुद्धा उरली नव्हती. कुणीतरी एकेक जंतू फोडून पाण्यात विरघळवून टाकला होता.

"घटवाई," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "हे आपोआप मेलेले नाहीत. यांना मारलंय."

२

मधुकरराव आपल्या खोलीत आल्यावर दार लोटून बोलले. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना टेबलावरचा पेपरवेट सारखा फिरवत होता.

"खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. मी, केशव आणि प्रेमलता. बाहेरचं कुणी आलं नाही, कुलूप तुटलं नाही."

"प्रेमलता कोण?"

"आमच्याकडे संशोधन करते. हुशार आहे पोरगी." पेपरवेट थांबला. "तुम्हाला माहीतच आहे सुमतीबाई, जंतूंनाही विषाणू होतात. फेज म्हणतात त्यांना. जंतूला चिकटतो, आपलं बीज आत सोडतो, आत शेकड्यांनी पिलं होतात आणि जंतू फुटून जातो. प्रेमलताचा अभ्यास तोच आहे. तिच्या फ्रिजमध्ये ते विषाणू बाटल्या भरभरून आहेत."

"म्हणजे हत्यार तिच्याकडे आहे. पण ती कशाला मारील?"

मधुकररावांनी नजर खिडकीबाहेर लावली. "मोहोडांच्या कारखान्यात तिनं नोकरीसाठी अर्ज केलाय. मला परवाच कळलं."

मोहोडांच्या घरी मधुकररावांचंही जाणंयेणं होतं, हे सीताबर्डीच्या दुकानांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तेवढं त्यांनी स्वतः सांगितलं नव्हतं.

केशवनं मात्र सगळं सरळ सांगितलं. अगारच्या घट्ट थरावर वाढवून फ्रिजमध्ये जपून ठेवलेले जंतू तज्ज्ञांसाठी ताजे करायचे होते. त्यानं प्रत्येक नळीत थोडं सलाईन ओतलं, जंतूंचा थर धुऊन घेतला आणि तो नव्या रसात सोडला.

"फ्रिजमधल्या मूळ नळ्यांत काही उरलं नाही?"

"त्यात सलाईन ओतूनच तं धुतलं, बाई. आज सकाळी त्यातून पुन्हा लावून पाह्यलं. काही उगवून नाही राहिलं."

"काल दुसरे कुठले जंतू हाताळले?"

"हो नं. विद्यार्थ्यांसाठी टायफाइडचे, हगवणीचे. ते असेच धुतले. तेच पाणी, तेच हात."

"ते कसे आहेत?"

केशवनं दुसरा स्टँड पुढे केला. त्या नळ्या दुधाळ झाल्या होत्या, अगदी निरोगी.

सुमतीबाईंनी डोळे मिटले. कुणी लायसॉलसारखं जंतुनाशक ओतलं असतं, तर हे शेजारी वाचले नसते. मारेकरी जात निवडून मारत होता. आणि प्रयोगशाळेत एकच गोष्ट अशी निवडून मारते.

"प्रेमलताला बोलवा," त्या म्हणाल्या.

"ते नाही आली आज," केशव खाली पाहत म्हणाला. "फ्रिज बी तिनं खाली केला. आपल्या साऱ्या बाटल्या घेऊन गेली."

३

प्रेमलता पळाली नव्हती. ती मागच्या व्हरांड्यात बसली होती, बर्फाच्या डब्यात बाटल्या ठेवून, डब्यावर ओला टॉवेल पांघरून. डोळे लाल होते, पण आवाजात रडू नव्हतं.

"सकाळी घटवाई सर म्हणाले, तुझे विषाणू ओतून टाकतो. म्हणून उचलून आणले. ओतले असते तर मी निर्दोष आहे हे कुणालाच दाखवता आलं नसतं."

सुमतीबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. गरम झळा अंगावर येत होत्या. "मोहोडांकडे अर्ज केलास?"

"केला. वडील आजारी आहेत, शिष्यवृत्ती संपत आलीय. नागपुरात जंतुशास्त्र शिकलेल्या बाईला दुसरी जागा दाखवा, तिथंही करते." ती थांबली. "मॅडम, माझे विषाणू टायफॉइडच्या जंतूचे आहेत. ते दुसऱ्या जातीला शिवतसुद्धा नाहीत. मी ते सगळ्या नळ्यांत टाकले असते तर टायफॉइडच्या नळ्या निवळल्या असत्या, या नाही."

"मला पटतंय. पण मुंबईचा माणूस म्हणेल, दाखवा."

"कशावर दाखवू? जंतूच उरला नाही."

हीच खरी अडचण होती. निवळलेल्या नळीत मारेकरी नक्की होता, पण तो विष आहे, की अंड्याच्या पांढऱ्यात आणि माणसाच्या आसवांत असतो तसला जंतूची भिंत विरघळवणारा पदार्थ आहे, की विषाणू आहे, हे ठरवायला त्याच्यापुढे एक जिवंत जंतू ठेवायला हवा होता. तोच त्या जातीतला. तसा जंतू आता कुठल्याच नळीत नव्हता.

सुमतीबाईंनी मनातल्या मनात फाईल पुन्हा उलगडली. तीन मृत्यू. सगळी फाईल त्या तिघींबद्दल होती, सगळं बोलणं त्या तिघींबद्दल होतं.

"प्रेमलता," त्या एकदम म्हणाल्या, "ताप चौघींना आला होता ना?"

"हो."

"मग चौथी कुठं आहे?"

४

चौथी गोपिका. ती जगली होती, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. धरमपेठेतून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं आणि वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. खाटेशेजारी जमिनीवर तिचा नवरा चंपतराव बसला होता. खाप्याला त्यांची कन्हानच्या काठी संत्र्याची बाग होती. बाळ आजीजवळ होतं.

"आता कोणती सुई?" सुमतीबाईंना पाहून चंपतराव उठला. "लय टोचलं जी तिले. आता राहू द्या."

"सुई नाही. फक्त लघवी हवी. रक्तातला जंतू तिच्यात उतरतो, तो तपासायला."

"तपासून काय होते, डाक्टरीणबाई? तिघी गेल्या तं कोनी काय केलं? आमच्या बाजूच्या खाटेवर तारा होती, तिचा नवरा रोज कचेरीत चकरा मारून राहिला. त्याले सांगतात, पुरावा नाही."

"आज सकाळपासून खरंच नाही," सुमतीबाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. "तुमच्या बायकोच्या अंगात असला तरच आहे."

भिंतीकडूनच गोपिका बोलली, "मले उठवा. देते मी."

"तुले चक्कर येते वं."

"येऊ दे. त्या ताराची पोरगी माझ्या पोरापेक्षा एका दिवसानं लहान हाय. उठवा म्हनलं नं."

दोन परिचारिकांच्या आधारानं ती उठली. तेवढ्यानंही घामेजली, पण बाटली भरूनच परत आली.

नमुना घेऊन सुमतीबाई आणि प्रेमलता रिक्षानं परतल्या. सुमतीबाईंनी थेंबभर काचेवर पसरवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढऱ्या पेशी गर्दी करून होत्या. कित्येकींच्या पोटात गिळलेले जाडसर जंतू दिसत होते, काही अर्धे विरघळलेले. त्या बाईचं शरीर इतके दिवस एकटंच लढत होतं. औषधांनी हातभार लावला असेल, पण काम हे होतं. तिघींना हे जमलं नव्हतं, हिला जमलं होतं. का, ते सुमतीबाईंना इतक्या वर्षांत कुणी सांगू शकलं नव्हतं.

"मेलेत सगळे?" प्रेमलतानं श्वास धरून विचारलं.

सुमतीबाईंनी काच हळूच सरकवली. एका कोपऱ्यात, पेशींपासून दूर, दोन-चार धष्टपुष्ट जंतू सुटे पडले होते.

"रस तयार ठेव," त्या म्हणाल्या. "साक्षीदार आहे. जगतो का पाहू."

५

जगला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर चिकट, तकतकीत ठिपके उगवले आणि त्याच जातीचे निघाले.

मग सुमतीबाईंनी सगळ्यांच्या समोर प्रयोग मांडला. मधुकररावही येऊन बसले. गोपिकाच्या जंतूंची ताजी गढूळ नळी घेतली, तिच्यात निवळलेल्या नळीतल्या पाण्याचा गाळून घेतलेला थेंब टाकला आणि ती उबेत ठेवली. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर नळी निवळत चालली होती.

"हे तर विषानंही होईल," मधुकरराव म्हणाले.

"होईल. म्हणून आता या नळीतला थेंब पुढच्या नळीत."

तीही निवळली. तिच्यातला थेंब पुढच्या नळीत. तीही. असं करत करत ते पुढे गेले आणि दर वेळी नळी आधीच्यासारखीच लखलखीत होत गेली.

"विष असतं तर थेंबाचा थेंब करता करता पातळ होऊन संपलं असतं," सुमतीबाई म्हणाल्या. "आसवांतला पदार्थही असाच संपला असता. हे संपत नाही. दर नळीत पुन्हा तेवढंच होतं. म्हणजे ते मारताना वाढतंय. वाढणारा मारेकरी एकच. विषाणू."

मधुकररावांनी प्रेमलताकडे पाहिलं. केशवनंही पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती, पण उठली, बर्फाच्या डब्यातल्या बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"लावा मॅडम. सगळ्या लावा."

एका प्लेटवर गोपिकाचे जंतू पसरले, दुसऱ्या प्लेटवर टायफॉइडचे. दोन्हींवर प्रेमलताच्या प्रत्येक बाटलीतला एकेक ठिपका दिला, शेजारी निवळलेल्या नळीतला एक. त्या संध्याकाळी प्रेमलता घरी जायलाच तयार नव्हती, म्हणून सुमतीबाईंनी तिला हात धरून बसस्टॉपपर्यंत सोडलं.

सकाळी टायफॉइडच्या प्लेटवर प्रेमलताच्या बाटल्यांची गोल स्वच्छ छिद्रं पडली होती. निवळलेल्या नळीचा तिथं ओरखडाही नव्हता. गोपिकाच्या प्लेटवर बरोबर उलटं. प्रेमलताच्या ठिपक्यांखाली जंतू मजेत वाढले होते, आणि निवळलेल्या नळीच्या ठिपक्याजागी एक आरपार भोक होतं, भोवती धुरकट वलय.

"हा माझा नाही," प्रेमलता म्हणाली आणि मग मात्र तिनं पदरानं डोळे पुसले. "असं वलय मी कधी पाहिलंच नाही."

"मग आला कुठून?" मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "खोलीला कुलूप होतं."

सुमतीबाईंनी सवयीनं टेबलाखाली पाय लांब केला आणि खोक्यावर टेकवला. "प्रेमलता, नवा विषाणू शोधायचा असेल तर तू कुठं जातेस?"

"ज्या जंतूचा हवा, तो जंतू जिथं राहत असेल तिथं. जिथं जंतूंची वस्ती, तिथंच त्याला खाणारा."

"हा जंतू कुठं राहतो?"

सुमतीबाई केशवकडे वळल्या. तोच प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता; तेव्हा डोकं गुडघ्यात होतं.

"केशवराव, जंतू धुतलेत ते सलाईन कुठलं?"

"आपलं पाणी शुद्ध करायचं यंत्र तं व्होल्टेजनं जळलं, बाई, होळीच्या आधीच. तेव्हापासून आम्ही त्याच खोक्यातलं वापरून राहिलो."

"कोणत्या?"

केशवनं टेबलाखाली बोट दाखवलं. "त्याच्यावरच तं तुम्ही पाय ठेवला."

६

खोक्यावर मोहोडांच्या कारखान्याचा शिक्का होता.

मधुकररावांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "ते... ते मृत्यूंच्या खूप आधी आलं होतं. आमचं यंत्र बंद पडलं म्हणून त्यांचा केमिस्ट रुपराव ठवकर स्वतः देऊन गेला. आम्ही तपासूनच घेतलं, सुमतीबाई. प्लेटवर काही उगवलं नाही. अगदी निर्जंतुक होतं."

"निर्जंतुक असेलच," सुमतीबाई म्हणाल्या. "सीलबंद बाटली काढा. माझ्यासमोर फोडा."

त्या बाटलीतल्या पाण्याचा एक ठिपका गोपिकाच्या जंतूंवर दिला. त्याच पाण्याचा थोडा भाग आपल्या वाफेच्या टाकीत नीट शिजवून त्याचा दुसरा ठिपका शेजारी दिला. आणि रुपराव ठवकरला निरोप धाडला.

रुपराव दुसऱ्या दिवशी आला तेव्हा प्लेट टेबलावर होती. पन्नाशीचा, वाळका, बुशशर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला माणूस. तो प्लेटकडे पाहून घाबरला नाही. त्याला काय दिसतंय ते कळलं नाही, एवढंच.

"बसा," सुमतीबाई म्हणाल्या. "मी सांगते तसं झालं का, ते फक्त सांगा. हे बंद बाटलीतलं पाणी. इथं भोक पडलंय, भोवती वलय आहे, म्हणजे यात विषाणू आहे. हा शेजारचा ठिपका त्याच पाण्याचा, पण शिजवलेला. इथं काहीच नाही. वाफेत विषाणू मरतो. तुमची बाटली वाफेत शिजली असती तर त्यात जिवंत विषाणू सापडलाच नसता. मग शिजवत नव्हता तर पाणी निर्जंतुक कसं? गाळून. चिनीमातीच्या गाळणीतून जंतू जात नाही, तो मोठा असतो. विषाणू जातो. तुमच्या पाण्याच्या टाकीत हा जंतू राहतो, आणि त्याला खाणारा त्याच्याबरोबर राहतो. गाळणी धड होती तोवर जंतू मागे राहिले आणि फक्त विषाणू बाटलीत उतरला. तो खोका इथं आला. पुढे एका खेपेला गाळणी तडकली. तेव्हा जंतूही उतरले आणि ती खेप धरमपेठेत गेली."

रुपरावनं प्लेट हळूच दूर सरकवली.

"वाफेची टाकी थंडीतच फुटली," रुपराव हळूच म्हणाला. "झाकण बसत नव्हतं. मी मालकाले म्हनलं, काम बंद ठेवू. ते म्हनले, गाळून दे, कोणाले समजते. मी गाळून दिलं."

"आणि गप्प राहिलात," प्रेमलता म्हणाली.

"गप्प नाही राह्यलो, पोरी." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "खोका इथं काहून आणला मी? तुमचं यंत्र जळलं ते एक निमित्त भेटलं. मले वाटलं, ही सरकारी प्रयोगशाळा हाय, हे लोक तपासतीन, काहीतरी निघन, कारखान्याले टाळं लागन. माह्या तोंडानं बोलावं नाही लागनार. दोन दिवसांनी फोन केला तं घटवाई साहेब म्हनले, तुमचं पाणी उत्तम हाय, आमच्याहून चांगलं. मग मलेच वाटलं, आपण उगाच भिऊन राहिलो. चालते म्हनलं."

मधुकररावांनी तोंड फिरवलं. ते शब्द त्यांना आठवत होते. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटले होते.

सुमतीबाईंना वाटलं होतं, मारेकरी सापडला की आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोर एक भित्रा माणूस होता, त्याच्या शेजारी एक निष्काळजी माणूस होता. दोघांनी मिळून जे केलं त्याची तिघींनी किंमत दिली होती, आणि तिसरा माणूस, मोहोड, या क्षणी आपल्या गार केलेल्या ऑफिसात बसला असेल.

"हे लिहून द्याल? सही करून?"

"देतो."

"नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही."

"ते ताराबाईचा नवरा फाटकाशी येऊन उभा राह्यते, बाई. रोज. काही बोलत नाही. मी मागच्या दारानं जातो." रुपरावनं खिशाचं पेन काढलं. "कुठं लिहू?"

त्याचा हात कागदावर टेकला आणि सुमतीबाईंच्या मनात एकदम दुसरंच काही आलं. त्यांनी विचारलं, "ती तडकलेल्या गाळणीची खेप. ती किती ठिकाणी गेली?"

रुपरावचं पेन थांबलं. "चांद्यापर्यंत," तो म्हणाला.

७

मुंबईच्या तज्ज्ञांची आता वाट पाहायची नाही, असं सुमतीबाईंनी खात्याच्या साहेबांना फोनवर सांगितलं. साहेबांनी लेखी मागितलं. "लेखी येतंय," त्या म्हणाल्या, "पण माल आत्ता थांबेल. मला निवृत्तीच्या आधी निलंबित करायचं असेल तर खुशाल करा, मला विश्रांती मिळेल." पलीकडून साहेब एवढंच म्हणाले, "थांबवा."

मग मधुकररावांच्या खोलीत फोन घेऊन त्या बसल्या. रुपराव गावांची नावं आठवून सांगत होता, प्रेमलता ऑपरेटरशी भांडून ट्रंक कॉल लावून घेत होती आणि मधुकरराव शेजारच्या फोनवरून शहरातले दवाखाने करत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपण होऊन बसले होते. केशवनं चहा आणला तो तसाच गार झाला.

भंडाऱ्यात बाटल्या फोडलेल्याच नव्हत्या. वर्ध्याला दोन वापरल्या होत्या, माणसं तापली होती पण जिवंत होती. त्यांना कोणतं औषध द्यायचं ते सुमतीबाईंनी सांगितलं. उमरेडला कुणी फोनच उचलेना, तेव्हा केशव आपली सायकल ठेवून एसटीनं निघून गेला.

शेवटी चांद्याच्याही पलीकडचा एक लहानसा सरकारी दवाखाना राहिला. सगळ्यात तातडीचा, लायटनिंग कॉल लावूनसुद्धा तासभर नुसती खरखर. दिवस कलायला आला तेव्हा कुठं पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो, नर्स भागीरथा बोलून राहिली. डाक्टर गावी गेले."

सुमतीबाईंनी शक्य तितकं सावकाश सांगितलं. कुठला कारखाना, बाटलीवर कोणता शिक्का.

"बाई," भागीरथा म्हणाली, "तशी एक तं मी आत्ताच लावली. बाळंतीण हाय."

"काढा."

"डाक्टरनं सांगितलं..."

"भागीरथाबाई, आधी काढा. मग बोला. फोन ठेवू नका."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग चपला पळत गेल्या, लांब, आणि ऐकू येईनाशा झाल्या. मधुकरराव आपला फोन हातात धरून थांबले होते. रुपराव भिंतीला टेकला होता, डोळे मिटून. प्रेमलतानं सुमतीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यांना जाणवलाही नाही. तारेवर कुणी दुसरंच दूर कुठंतरी कपाशीच्या बियाण्याबद्दल बोलत होतं.

चपला परत आल्या. हळू.

"काढली, बाई."

"किती गेलं होतं आत?"

"पाव बाटली बी नाही. नळीत हवा होती, म्हणून थेंब थेंब सोडून राहिली होती मी."

"थंडी वाजतेय तिला? अंग थरथरतंय?"

"नाही जी." भागीरथा घुटमळली. "चिडून राहिली माह्यावर. आत्ताच डोळा लागला होता म्हणते, सुई ओढून झोपमोड केली."

सुमतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बोटं आखडली होती.

"चिडू द्या," त्या म्हणाल्या. "सकाळपर्यंत तिच्याजवळ बसून राहा. ती चिडतेय तोवर ठीक आहे. गप्प झाली की मला फोन करा, मी इथंच आहे."